तुम्ही विचारलंत म्हणून: हो, अजून पाठवते तिला

पुण्याहून फोन आला की मावशी, काकू, शेजारच्या आजीसुद्धा एकच विचारतात, अगं तुमच्या स्केटिंग क्लबातली माणसं गेली ते विमान पडलं, तरी लेकीला त्याच क्लबात पाठवतेस? हो, पाठवते. फोनवर धड सांगता येत नाही म्हणून इथे लिहिते.

क्लब म्हणजे स्केटिंग क्लब ऑफ बॉस्टन, १९१२ चा. १९२१ ला अमेरिकेची फिगर स्केटिंगची राष्ट्रीय संघटना निघाली तेव्हाच्या मूळ क्लबांपैकी एक. १९३८ पासून रिंक (स्केटिंगचं बर्फाचं मैदान) ब्रायटनला होती, २०२० ला नॉरवूडला नवीन झाली. टेनली ऑलब्राइट इथलीच, लहानपणी पोलिओ झालेली, १९५६ ला ऑलिम्पिक गोल्ड आणलं आणि मग चक्क सर्जन झाली (लेक अभ्यासाला टाळाटाळ करायला लागली की हे ऐकवते).

टेनलीच्या कोच मॅरिबेल व्हिन्सन ओवेन, स्वतः ९ वेळा अमेरिकन चॅम्पियन. १५ फेब्रुवारी १९६१ ला प्रागच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला निघालेलं विमान ब्रसेल्सजवळ कोसळलं, अमेरिकेची अख्खी टीम गेली, त्यात मॅरिबेल आणि त्यांच्या दोन्ही मुली. धाकटी लॉरेन्स १६ वर्षांची, महिनाही झाला नव्हता नॅशनल जिंकून. त्या सगळ्यांच्या नावाने फंड काढला, त्यातून आजही स्केटर मुलांना पैसे मिळतात.

आणि २९ जानेवारी २०२५, वॉशिंग्टनला पुन्हा विमान पडलं. ६७ माणसं गेली, आमच्या क्लबातली सहा. दोन मुलं, दोघांच्या आया, आणि कोच येवगेनिया शिश्कोवा नि वादिम नाउमोव, १९९४ चे पेअर्सचे (जोडीने करायच्या स्केटिंगचे) वर्ल्ड चॅम्पियन.

मला दोन्ही वेळी आयाच दिसतात. कारण खरं सांगू का, हा खेळ आयांच्या जिवावर चालतो, पहाटे अंधारात गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडा, पोरीला अर्धवट झोपेत मागे बसवा, रिंकवर गुडघ्यावर बसून लेस आवळा, बोटांवर लाल वळ उठतात ते दुपारपर्यंत जात नाहीत, मग झांबोनी (बर्फ गुळगुळीत करणारी गाडी) फिरून जाईपर्यंत कठड्याला टेकून थर्मासमधला चहा प्या.

त्या अपघातानंतर पहिल्यांदा गेलो तेव्हा माझेच हात थरथरत होते. लेक काही बोलली नाही. पाय पुढे केला आणि म्हणाली, "आई, डावा अजून घट्ट."