बाहेरचा वादक नको, आपलेच हात पुरे

मंडळात मी ज्या गोष्टीवरून सगळ्यांशी भांडत असतो ती आता इथं लिहूनच टाकतो. रेकॉर्डिंग करायचं असेल ना, तर जे रोज आपल्यासोबत बसून वाजवतात त्यांनीच करायचं. शहरातून बासरीवाला आणायचा नाही, कीबोर्डवाला बोलवायचा नाही, जे आपल्याला येतं तेवढ्यातच गाणं बसवायचं अन् जे येत नाही त्यासाठी डोकं लावायचं.

आमचं भजन मंडळ आहे, यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याच्या बाजूला. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजनं म्हणतो, वाद्यं म्हणजे दोन खंजेऱ्या, ढोलक, पेटी, टाळ, एक एकतारी, अन् मागं झील धरणारे चार-पाच जण. यंदा भजनं यूट्यूबवर टाकायचं ठरलं. एका स्टुडिओवाल्याला फोन लावला तर तो म्हणे, गाणारे तेवढे पाठवा, म्युझिक आम्ही इकडून लावून देतो, एकदम भरल्यासारखं वाटेल. फोन स्पीकरवर होता. आमचे पेटीवाले काका, जे माझ्या जन्माच्या आधीपासून पेटी वाजवतात, ते एवढंच म्हणाले, "मंग मी काय कराचं रे बाप्पा, घरी बसून आयकाचं का?"

तेव्हापासून मी सगळ्यांना बँडच्या गोष्टी सांगतोय. हॉस्टेलला असताना मला इंग्रजी बँड ऐकायचा नाद लागला होता, अन् अल्बमवर कोणी काय वाजवलं हे वाचायचा त्याहून मोठा नाद.

क्वीन या इंग्लंडच्या रॉक बँडचंच घ्या. 1975 चा 'अ नाइट अॅट द ऑपेरा' हा अल्बम, वाजवणारे अन् गाणारे चौघंच. त्यातल्या 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'त मधे तो जो एवढा मोठा गायकवर्ग गातोय असं वाटतं ना, ते फक्त तिघं आहेत, फ्रेडी मर्क्युरी, गिटारवाला ब्रायन मे अन् रॉजर टेलर. 24 ट्रॅकच्या टेपवर एकावर एक आवाज चढवत गेले, एवढ्या वेळा की टेप झिजून आरपार दिसायला लागली होती असं मे सांगतो. पण मला त्याच अल्बमवरचं 'गुड कंपनी' जास्त आवडतं, त्याच्याकडं फार लोक लक्ष देत नाहीत. त्यात जुन्या जॅझ बँडसारखं ट्रम्पेट, क्लॅरिनेट वाजल्यासारखं ऐकू येतं अन् ते सगळं मेनं गिटारवर काढलंय, एकेक वाद्य कसा श्वास घेतं, सूर कुठं घसरतो, कुठं तुटतो, हे पाहून पाहून. पैसे देऊन लंडनमधे ट्रम्पेटवाले मिळाले नसते का, ढिगानं मिळाले असते. पण मग ते दुसऱ्या कोणाचंही गाणं झालं असतं. अन् ती गिटारसुद्धा त्यानं अन् त्याच्या वडलांनी घरी बनवलेली, 1963 पासून काम चालू केलं होतं, गळ्याचं लाकूड एका जुन्या फायरप्लेसचं. त्या लोकांनी सुरुवातीच्या अल्बमवर लिहूनच टाकलं होतं की आम्ही सिंथेसायझर वापरलेला नाही, 1980 च्या 'द गेम'पर्यंत ते पाळलंही.

कोणी म्हणेल एवढे आवाज चढवले तर मग ते खरं वाजवणं कुठं राहिलं. माझ्या मते राहिलं. टेपवर चढवणं अन् माणूस बाहेरून आणणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, शंभर वेळा चढवा पण हात तुमचा पाहिजे.

आता उलटं उदाहरण. द बर्ड्स नावाचा अमेरिकन बँड, 1965 साली त्यांचं पहिलं मोठं गाणं आलं तर त्यात बँडमधल्या फक्त रॉजर मॅग्विनची गिटार, बाकी सगळी वाद्यं लॉस एंजलिसच्या स्टुडिओतल्या भाड्याच्या वादकांनी वाजवलेली. कंपनीला वाटलं ही पोरं वेळेत वाजवणार नाहीत. गाणं सुंदरच झालं, त्यात वादच नाही, ते भाड्याचे वादक लय तयारीचे होते. पण ज्यानं त्या बँडचा ड्रम वाजवायचा तो तिथं नव्हता, हे मला काही केल्या पचत नाही. काकांचं पेटीचं बोलणं ऐकलं तेव्हा मला पहिले तेच आठवलं.

अन् दुसरी अडचण, जी मंडळातल्या लोकांना चटकन पटली. बाहेरच्यानं वाजवलं की मग ते गाणं मंचावर कसं म्हणणार? कॅनडाचा रश हा तेव्हा तिघांचाच बँड, गेडी ली गाणार, बेस वाजवणार, मधेच कीबोर्ड अन् पायानं दाबायचे बेसचे पेडल पण वाजवणार, म्हणजे एक माणूस चौघांचं काम करतोय, कारण चौथा आणायचाच नाही. पण 1982 च्या 'सिग्नल्स'मधे एका गाण्याला त्यांनी बाहेरचा व्हायोलिनवाला घेतला, बेन मिंक. गाणं फार हळवं आहे, उतरत्या वयात आपली कला हातची जात चाललेल्या कलावंतांचं. ते गाणं मंचावर पहिल्यांदा वाजलं 2015 मधे, त्यांच्या एका दौऱ्यावर. तेहतीस वर्षं! आमच्याकडं तर पुण्यतिथीला, सप्ताहात, शेजारच्या गावच्या स्पर्धेत दरवेळी म्हणावं लागतं, लोक यूट्यूबवर बासरी ऐकून येतील अन् विचारतील बासरी कुठं आहे, तर काय सांगायचं?

आपल्याकडच्या बँडमधे माझा जीव इंडियन ओशनवर. 2000 सालचा त्यांचा 'कंदिसा' अल्बम अजूनही शेतात जाताना लावतो. चौघं, सुस्मित सेनची गिटार, राहुल रामचा बेस, अमित किलमचे ड्रम, अन् असीम चक्रवर्ती, जे तबला वाजवता वाजवता गायचे. हे किती अवघड आहे ते भजनात ढोलक वाजवत झील धरणाऱ्याला विचारा. किलम ड्रमशिवाय गबगुबी वाजवतात, म्हणजे बंगालच्या बाऊल लोकांचं ते बगलेत धरायचं तारेचं वाद्य. असं हातात जे आहे त्यातून रंग काढायचा. दिल्लीत करोलबागला एका जुन्या घरात त्यांचा रियाज चालायचा अन् पुढं एका अल्बमला त्यांनी त्या घराचा पत्ताच नाव म्हणून दिला, '16/330 खजूर रोड', 2010 चा. असीमदा 2009 मधे गेले. त्यांच्या जागी बँडला दोन माणसं घ्यावी लागली, एक तबल्याला, एक गाण्याला. हे वाचलं तेव्हा मी मोबाइल खाली ठेवून जरा वेळ नुसता बसलो होतो.

मग 2014 मधे त्यांनीच 'तंदानु' काढला, त्यात पाहुणेच पाहुणे, शंकर महादेवन, शुभा मुद्गल, मोठमोठी माणसं. चांगला आहे, मी ऐकतो पण. तरी 'कंदिसा' ऐकताना मला चार ओळखीचे लोक एका खोलीत बसलेले दिसतात अन् 'तंदानु'त मैफल दिसते, अन् मला ती खोली जास्त जवळची वाटते. बीटल्सचंही सांगायला पाहिजे, नाहीतर एकतर्फी होईल. 1968 मधे त्यांच्यातल्या जॉर्ज हॅरिसननं बाहेरच्या एरिक क्लॅप्टनला गिटार वाजवायला आणलं अन् पाहुणा आला म्हणून बाकीचे भांडणं सोडून नीट वागले. म्हणजे बाहेरचा माणूस कधी कधी घर सावरतो, हे खरंय. आमच्या मंडळात तशी वेळ आली तर मी स्वतः कोणाला तरी घेऊन येईन.

बरं, आम्ही काय केलं ते सांगतो. स्टुडिओ नको ठरल्यावर प्रश्न आला जागेचा. मंदिरात आवाज घुमतो, समाजमंदिराला वर टिनं. मग सुचलं काकांच्या घरची कापसाची खोली. भाव चढायची वाट पाहत कापूस घरातच भरून ठेवलेला, तीन भिंतींना लागून छातीएवढी गंजी. आत जाऊन टाळी वाजवली तर टाळी तिथल्या तिथं मेली, काही घुमणं नाही. शहरात हे लोक भिंतीला फोम लावून करतात अन् आमच्याकडं ते शेतातून आलेलं! खाज मात्र सुटते, घरात कापूस भरलेल्यांना ती माहीत आहे, सगळे फुल शर्ट घालून, गळ्याला दुपट्टे गुंडाळून बसले. पंखा बंद, दार बंद. एक मोबाइल गाणाऱ्यासमोर, एक पेटीकडं, एक ढोलकाजवळ, अन् सुरुवातीला एकानं जोरात टाळी द्यायची म्हणजे नंतर तिन्ही रेकॉर्डिंग त्या टाळीवर जुळवता येतात.

थंडीनं खंजेरीचं चामडं उतरत होतं. दर भजनाआधी पोरं ती चुलीसमोर धरून तापवायची, बोटानं टिचकी मारून पाहायची, सूर आला की पळत खोलीत. अन् खालचा भरणा कमी पडत होता, बेस म्हणतात तो. मी म्हटलं झील धरणाऱ्यांपैकी दोघांनी खालच्या सप्तकात नुसता सा धरून ठेवा, ओठ मिटून. एकतारीच्या मागं तो आवाज असा काही बसला की काकांनी पेटीचा भाता मधेच हलका केला, स्वतःहून, कोणी सांगितलं नाही. स्टुडिओवाला जिथं बासरी टाकणार होता ती जागा आम्ही त्या गुणगुणण्यावर सोडली.

झीलवाल्यांपैकी एक जण लय मागं बसला होता, त्याचा आवाज जरा दबलाय, ढोलक एका ठिकाणी पुढं पळालाय. ते तसंच ठेवलंय. पण कोण गातंय ते गावातलं पोरगंही ओळखतं, अन् परवा शेजारच्या गावात कार्यक्रम झाला तिथं जसंच्या तसं म्हणून दाखवलं, त्या खालच्या सा सकट.

उरलेली भजनं आता कापूस विकायच्या आत करायची आहेत, काकांना भाव पटला की खोली रिकामी. दारव्हा, दिग्रस, नेरच्या बाजूचं कोणतं मंडळ असेल अन् त्यांना असं करायचं असेल तर सांगा, मोबाइल अन् जुळवाजुळव माझी, येतो मी. वाजवणारे तेवढे तुमचेच पाहिजेत.