वनमालाबाईंची फाईल : सहावा महिना

जुन्या जमान्यातल्या सिनेनटी वनमालाबाईंच्या वस्तू मी एका फाईलमध्ये जमवतोय. या महिन्यात तीत एकच नग आला, पण आला तो 'सिकंदर' चित्रपटाचा. मिनर्व्हा मूव्हीटोन ही चित्रसंस्था, १९४१ची बुकलेट, म्हणजे सिनेमाची माहितीपुस्तिका. पिना इतक्या गंजलेल्या की मधल्या पानावर तांबडे डाग उमटलेत. अशा वेळी पिना ओढू नका, मंडळी. मी बोथट सुरीने आधी टोकं उभी केली, मग मागून हळूच ढकलली. पान वाचलं. आता पानं सुटीच राहतील.

पृथ्वीराज कपूर सिकंदर, सोहराब मोदी पुरू आणि रुखसाना आपल्या वनमालाबाई. मूळच्या सुशीला पवार, जन्म उज्जैनचा, १९१५चा. पडदा त्यांनी लवकर सोडला, त्यामुळे फाईल काही जाड व्हायची नाही.

एक फजितीही सांगून टाकतो. जुन्या बाजारात 'वनमाला' म्हणून एका फोटोचे चारशे मोजले. मागे पेन्सिलीने नाव होतं, तेवढ्यावर भुललो. घरी भिंगाखाली धरला तर कानाची पाळीच वेगळी! ती बाई कोण, देव जाणे. पण हसते छान, म्हणून टाकवत नाही.

आतापर्यंत मराठी एकीकडे, हिंदी एकीकडे असं लावत होतो. या वेळी सगळं सालवार केलं. 'लपंडाव' १९४०, 'सिकंदर' आणि 'पायाची दासी' १९४१, 'वसंतसेना' १९४२, आणि शेवटच्या कप्प्यात अत्र्यांचा 'श्यामची आई', १९५३, त्यातली आई त्याच. राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं तो.

मग रुखसाना आणि आई शेजारी शेजारी ठेवून बघितल्या. मधे बारा वर्षं. इकडे कोरलेल्या भुवया, वर उचललेली हनुवटी, बघणाऱ्याला जरा जरबच वाटावी. तिकडे नऊवारीचा पदर आणि खाली झुकलेली नजर. आत्या चहा घेऊन आली, रुखसानाकडे बघून म्हणाली, "ही श्यामची आई? काहीतरीच तुझं!" तिला पटवायला कानाची पाळी दाखवावी लागली. तिनं 'श्यामची आई' लहानपणी दोनदा रडत बघितलाय, त्यामुळे तिचाही दोष नाही. मलाही वनमालाबाई आधी आईच म्हणून ठाऊक होत्या. त्या पुढे वृंदावनात रमल्या, हेही साहजिक वाटायचं. रुखसाना बघितल्यापासून तितकंसं वाटत नाही.

'पायाची दासी'ची मराठी बुकलेट अजून हवी आहे. बदल्यात 'श्यामची आई'तल्या 'छडी लागे छमछम'ची जादा तबकडी देईन. कडेला एक चरा आहे, सुई उडत नाही.