त्यांनी कदी बोंब नाय मारली

पुस्तकाची फाइल पाठवताना लेखकाच्या नातीने एकच अट घातली होती. रेकॉर्डिंगच्या एका दिवशी आजी समोर बसणार. आमच्या ऑडिओबुक वाचण्याच्या कामात अशी अट सहसा कोणी घालत नाही. लेखक येतात, पहिलं प्रकरण थोडं ऐकतात, माइकसोबत फोटो काढतात आणि जातात. इथे लेखक हयात नव्हते. घणसोलीकडच्या एका गावातले ते आगरी शेतकरी. उतारवयात वह्यांमध्ये लिहून ठेवलेलं आत्मचरित्र घरच्यांनी त्यांच्या पश्चात स्वखर्चाने छापलं होतं. आता त्याचं ऑडिओबुक हवं होतं, कारण ज्यांनी त्यांच्याबरोबर सगळा संसार केला, त्या आजींना वाचता येत नाही. पुस्तक कपाटात होतं. आत काय आहे, ते कोणी कोणी तुकड्यातुकड्याने सांगितलं असेल तेवढंच त्यांना ठाऊक.

मी नौपाड्यात राहतो. घरातली आतली खोली मी रेकॉर्डिंगसाठी बांधून घेतली आहे. भिंतींना आवाज शोषणारे रॉकवूलचे पॅनेल, दाराच्या फटींना रबर, आणि काम चालू असताना एसी, पंखा, फ्रिज सगळं बंद. मी गप्प असताना रेकॉर्डिंगमध्ये उतरणारा खोलीचा आवाज उणे ६० डेसिबलच्या खाली राहिला पाहिजे, हे ऑडिओबुकचं सर्वमान्य माप आहे, आणि ठाण्यात ते पाळायचं म्हणजे गणपतीच्या आधीचे ढोल-ताशांचे सराव, लग्नसराई आणि शेजारच्या इमारतीचं पुनर्विकासाचं ड्रिलिंग यांच्या वेळा पाठ असाव्या लागतात. त्यामुळे मी बहुतेक पहाटे वाचतो. आजींसाठी मात्र भर दुपारची वेळ ठरवली आणि खालच्या मजल्यावर सुतारकाम चालू होतं, त्यांना विनंती करून ते थांबवलं.

या कामात मी नाटकातून आलो. विमा कंपनीतली नोकरी आणि संध्याकाळी एकांकिकांच्या तालमी, अशी बरीच वर्षं गेली. २०१७ मध्ये स्टोरीटेल हे ऑडिओबुकचं ॲप भारतात आलं आणि मराठी त्यात पहिल्यापासून होती. त्यानंतर रंगभूमी आणि आकाशवाणीवरचे अनेकजण या कामाकडे वळले, त्यात मीही. नाटकातल्या माणसाला इथे सगळ्यात आधी आवाज आवरायला शिकावं लागतं. गडकरी रंगायतनमध्ये शेवटच्या रांगेपर्यंत वाक्य पोचवायचं असतं. इथे माइक तोंडापासून वीतभर अंतरावर असतो आणि ऐकणारा एकटाच, कानात इअरफोन घालून, लोकलमध्ये किंवा ओट्यापाशी. नवीन मुलं मला भेटतात ती ‘माझा आवाज चांगला आहे असं सगळे म्हणतात’ हे सांगत. आवाज चांगला असणं उपयोगी आहेच. पण दहा-बारा तासांचं पुस्तक त्यावर निभत नाही. त्याला श्वास लागतो, पाठ ताठ ठेवून बसण्याची सवय लागते आणि त्याहून जास्त, पुस्तकातला माणूस बोलायचा कसा हे शोधण्याची चिकाटी लागते.

या पुस्तकासाठी मी नातीकडून घरातल्या गप्पांचे व्हॉइस मेसेज मागवले होते. निवेदन प्रमाण मराठीत होतं, संवाद आगरीत. ‘ण’चा ‘न’ होतो, ‘ळ’चा ‘ल’, ‘घोडा’चा ‘घोरा’. ते ऐकून ऐकून जिभेवर बसवता येतं. पण बोलण्याची चाल मेसेजमधून हाती लागत नाही.

त्या दिवशी वाचायचं होतं ते खांडीचं प्रकरण. आज जिथे ठाणे-बेलापूर रस्त्यालगत कारखाने आणि नवी मुंबईच्या नोडांच्या, म्हणजे वसाहतींच्या, इमारती दिसतात, तिथे खाडीकडच्या अंगाला खारजमिनीवरची भातशेती आणि मिठागरं होती. समुद्राचं पाणी आत येऊ नये म्हणून मातीचे बांध घातलेले. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला बांध फुटला की त्याला खांड पडली म्हणायचे. खांड लगेच बुजवली नाही तर खारं पाणी शेतात पसरतं आणि पुढची काही वर्षं धड पीक येत नाही. म्हणून रात्र असो की पाऊस, सगळं गाव धावायचं. पुस्तकात हा प्रसंग अंधारात घडतो. गडी कमरेइतक्या पाण्यात, आणि लेखक माणसांना सांगतोय, ‘चिखल टाक, दगड सोर, हात सोरू नको.’ प्रत्येक वाक्यापुढे उद्गारचिन्ह.

मी ते चढ्या स्वरात वाचलं. आजी काचेपलीकडच्या खुर्चीत बसल्या होत्या. नऊवारी नेसलेल्या, कानाला मोठा हेडफोन, दोन्ही हातांनी दाबून धरलेला. मध्येच त्यांनी एक हात वर केला. मी थांबलो.

‘त्यांनी कदी बोंब नाय मारली,’ त्या म्हणाल्या. ‘पानी भराला लागला का ते हलू बोलाचे. मोठ्यान बोलला का मानसा घाबरतान.’

उद्गारचिन्हं बहुधा छापताना कोणीतरी घातली असावीत. वहीत ती नव्हती, हे नातीने तिथेच मोबाइलवरच्या फोटोत पाहून सांगितलं. मी आधीच्या वाक्यापासून पंच अँड रोल केलं, म्हणजे मागची काही सेकंदं कानात ऐकत योग्य जागी पुन्हा आवाज जोडला. या वेळी जवळजवळ पुटपुटत, एकेका माणसाचं नाव घेऊन. तोच मजकूर, शब्दही तेवढेच. पण आता त्या अंधारात कोणीतरी खरोखर गाव सांभाळत होतं. आजींनी हात खाली घेतला, तो मग बराच वेळ उचलला नाही.

पुढे एका ओळीत त्या स्वतः आल्या. पोटुशी असताना त्या रात्री त्यांनी चिखलाच्या पाट्या वाहिल्या, असं लिहिलं होतं. ‘ह्या त्यांनी लिवलाय?’ त्यांनी विचारलं आणि ती ओळ पुन्हा ऐकवायला लावली. मग म्हणाल्या, हे अर्धं आहे. पाट्या वाहणाऱ्या त्या एकट्या नव्हत्या, बायकांची रांगच होती, आणि त्यातल्या प्रत्येकीचं नाव त्यांनी सांगितलं. ती नावं मला वाचता आली असती तर फार बरं वाटलं असतं. पण छापलेल्या मजकुराबाहेर एक शब्दही ऑडिओबुक वाचणाऱ्याने घालायचा नसतो, आणि हा नियम मला मनापासून पटतो. मी तसं सांगितलं. नातीने नावं लिहून घेतली. दुसरी आवृत्ती निघाली तर ती त्यात जातील.

त्यानंतरचं प्रकरण जमीन गेल्याचं. १९७० मध्ये नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली, गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेतल्या गेल्या, आणि जानेवारी १९८४ मध्ये शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात उरण-जासई भागात गोळीबार होऊन पाच जण हुतात्मा झाले. लेखक त्या गर्दीत होते. ते प्रकरणही मी खालच्या पट्टीतच वाचलं. आजींनी तसं सांगितलं नव्हतं, पण आता मला तो माणूस माहीत झाला होता. त्याच रात्री बसून मी आधी झालेली प्रकरणं काढली आणि त्याचे संवाद नव्याने वाचले.

या नव्याने वाचण्याचे पैसे मिळत नाहीत, हे या क्षेत्रात येणाऱ्यांनी आधीच समजून घ्यावं. मानधन मोजतात ते तयार तासावर, म्हणजे संपादन होऊन हाती आलेल्या ध्वनिफितीच्या तासावर. तो एक तास हाती यायला माझे तीन-चार तास सहज जातात. मजकूर आधी वाचणं, नावांचे उच्चार विचारणं, बोलीसाठी माणसं गाठणं हे त्यात धरलेलंच नसतं. एका निर्मात्याने मला स्पष्ट सांगितलं होतं की तयारी ही वाचणाऱ्याची हौस. मला ते मान्य नाही. बोलीतलं किंवा आत्मचरित्रपर पुस्तक आलं की मी आता तयारीचे दिवस वेगळे लिहून देतो आणि लेखकाला जवळून ऐकलेल्या एका माणसासोबत बैठक मागतो. काहीजण तेवढ्यावरून काम दुसऱ्याला देतात. जे मान्य करतात, त्यांच्याकडे मी त्या बैठकीचं मानधन येणाऱ्या माणसालाही मागतो. आजींना ते मिळालं. नोटा मोजून त्यांनी कनवटीला लावल्या आणि नातीला विचारलं, पुढचं प्रकरण कधी आहे.