रव्याचं वजन

मार्केट यार्डात गूळ घ्यायला गेलो की माझं लक्ष काट्यापेक्षा हमालांकडंच जास्त. परवा दहा किलोचा एक रवा घेतला. (उपम्याचा नव्हे. आमच्या कोल्हापुरात गुळाच्या ढेपेला रवा म्हणतात.) शेजारून एक मामा रव्यांनी भरलेली हातगाडी रेटत निघाले होते. रस्ता सपाट, उचलायचं काहीच नाही, तरी मानेच्या शिरा ताठ. म्हटलं, "मामा, चाकावर तरी हलकं लागत असंल?" घाम पुसत म्हणाले, "उचलायला जड त्यो रेटायला बी जड. गूळ त्योच न्हवं!"

मामांना जे उघड वाटलं, त्यानं आइन्स्टाइनला वर्षानुवर्षं झोप लागू दिली नसणार. उचलताना पृथ्वी ओढते, रेटताना गुळाचं जडत्व अडवतं. मग दोन्हीचा आकडा एकच कसा? याच धाग्यावरनं त्यानं 1915 साली गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत विणला. आणि 1919 साली पुढचा प्रश्न टाकला: इलेक्ट्रॉनसारख्या मूलकणांच्या घडणीतच गुरुत्वाकर्षणाचा हात असेल काय?

प्रश्न फक्कड, पण गडी फारच किरकोळ. दोन इलेक्ट्रॉन विजेच्या जोरावर एकमेकांना ढकलतात, त्यापुढं त्यांची आपसातली ओढ एकावर 42 शून्यं इतक्या पटींनी कमी. त्यात आणखी एक त्रांगडं. गुरुत्वाकर्षणाचा स्थिरांक, प्रकाशाचा वेग आणि अणूंच्या जगाचं माप ठरवणारा प्लांकचा स्थिरांक जुळवून वस्तुमान काढलं, तर येतं सुमारे 22 मायक्रोग्रॅम. साखरेच्या दाण्यापुढंही चिमूट, पण इलेक्ट्रॉनच्या एकावर 22 शून्यांहून जास्त पट! गुरुत्वाकर्षणच कणांना वस्तुमान देतं म्हणणाऱ्यानं आधी एवढी काटछाट करून दाखवावी.

कणांना वस्तुमान देण्याचा मान सध्या हिग्ज क्षेत्राचा, म्हणजे सगळ्या अवकाशात भरून राहिलेल्या एका क्षेत्राचा. त्याचा कण 2012 साली सर्न या प्रयोगशाळेत सापडला. पण त्याचाही हात आखडताच. माझ्या रव्यात इलेक्ट्रॉन तीनेक ग्रॅम, प्रोटॉन-न्यूट्रॉन ज्यांचे बनतात त्या क्वार्कांचं स्वतःचं वस्तुमान शंभरेक ग्रॅम. बाकी सगळी प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या पोटात कोंडलेल्या क्वार्क आणि त्यांना बांधून ठेवणाऱ्या ग्लुऑनांच्या झोंबीची ऊर्जा. तालमीतले दोन पैलवान काट्यावर झोंबले म्हणून त्यांचं वजन वाढल्याचं दिसायचं नाही. इथं मात्र जवळजवळ सगळं वजन झोंबीचंच.

घरी रवा ओट्यावर ठेवला. आईनं बत्त्यानं एक टवका काढून जिभेवर ठेवला.

"किती आणलास?"

"तसं बघितलं तर शंभर ग्रॅम."

"आणि पैसे दहा किलोचे दिलास व्हय रे?"