अपडेट: बास पडला की व्होल्टेज का बसत होतं ते सापडलं

भावांनो, सापडलं एकदाचं! डिकीत बाससाठी लावलेला अँप (अँप्लिफायर) जोरात वाजला की त्याच्याकडं पोचणारं व्होल्टेज पडत होतं, मागच्या पोस्टमध्ये तिथंच गाडं अडलं होतं, तिथूनच सुरू करतो. इंजिन चालू, रेस १५०० च्या आसपास धरलेली, ४० हर्ट्झचा टोन (बासचा एकसलग सूर) लावला की बॅटरीच्या टर्मिनलवर मीटर १३.४ व्होल्ट दाखवतंय आणि त्याच क्षणाला डिकीत अँपच्या टर्मिनलवर ११.६. क्लॅम्प मीटरवर (वायरीभोवती चिमटा लावून करंट मोजतं ते) करंट १०० अँपिअरच्या घरात. म्हणजे मधल्या वाटेत १.८ व्होल्ट गायब, गुणाकार करून बघा, १८० वॉट नुसते वायरी आणि जोड तापवण्यात जात होते. सगळ्यांचा संशय बॅटरीवर होता, एजीएम (जास्त करंट देणारी सीलबंद लेड ॲसिड बॅटरी) टाक म्हणून निम्म्या लोकांनी सांगितलेलं, पण बॅटरी बिचारी १३.४ देतच होती की.

मग कोल्हापूरजवळच्या पुईखडीच्या माळावर गाडी नेली (गल्लीत ४० हर्ट्झ वाजवत बसलं की लोक मारतील) आणि शांतपणे ड्रॉप टेस्ट केली. ज्यांनी केली नसेल त्यांच्यासाठी, मीटर डीसी व्होल्टवर ठेवायचं, एक प्रोब बॅटरीच्या प्लसवर, दुसऱ्याला लांब बारीक वायर जोडून अँपच्या प्लसवर, टोन चालू, आणि मीटर जे दाखवेल तेवढं त्या वाटेत खाल्लं जातंय. तसंच मायनसचं. प्लसच्या बाजूला ०.७५ निघाले आणि मायनसच्या बाजूला चक्क १.०५! मायनसकडं कुणी बघतच नाही राव, सगळा पैसा लाल वायरीवर घालतात.

आधी प्लसचं सांगतो कारण ते सोपं. ०.२२ एकट्या फ्यूज होल्डरवर जात होते, हात लावला तर चटका बसत होता. उरलेलं वायरीत. वायरीवर मोठ्या अक्षरात शून्य गेज छापलंय, म्हणजे आत जवळपास ५३ स्क्वेअर एमएम धातू पाहिजे. टोक कापलं तर रबरच रबर, मधली तार करंगळीएवढीसुद्धा नाही, आणि एक तार ब्लेडनं खरवडली तर वरचा तांबडा रंग गेला आणि आत पांढरं ॲल्युमिनिअम. विकणाऱ्याचं नाव घेत नाही, पण ऑनलाइन स्वस्त किट घेणाऱ्यांनी आधी ब्लेड लावून बघा. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनिअमचा रेझिस्टन्स शुद्ध तांब्याच्या साधारण दीडपटीच्या वर असतो, त्यात जाडी पण निम्मीच.

यावर उपाय कोल्हापुरात असल्यासारखा कुठं नाही. उद्यमनगरात जायचं आणि तांब्याची ५० स्क्वेअर वेल्डिंग केबल मीटरवर घ्यायची. बारीक तारांची असते, दोरीसारखी वळते, वरचं रबर दणकट, गाडीत खेळवायला एकदम मऊ. नाव छापलेल्या कार ऑडिओ केबलपेक्षा मला ही कधीही चालेल. लग (केबलच्या टोकाला लावायच्या, बोल्टला अडकणाऱ्या कड्या) तिथल्याच एका पॅनल बनवणाऱ्याकडं हायड्रॉलिक क्रिम्पिंग मशीननं दाबून घेतले, षटकोनी डायमध्ये दाबलेला लग करवतीनं मधोमध कापून दाखवला त्यानं, तार कुठली आणि लग कुठला ते ओळखू येत नव्हतं, सगळा एकच तांब्याचा गोळा. हातोडीनं ठोकून लग बसवणाऱ्यांनी हे एकदा बघाच. नवा होल्डर आणि १५० चा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर. तो फ्यूज अँपसाठी नसतो, केबलसाठी असतो, त्यामुळं डिकीत लावून काही उपयोग नाही.

आता मायनस, ज्यानं डोकं खाल्लं. अँपची अर्थिंग मागच्या सीट बेल्टच्या बोल्टला होती, सगळे तिथंच देतात. अँपपासून बोल्टपर्यंत ०.०५, ठीक. बोल्टपासून शेजारच्या घासलेल्या पत्र्यापर्यंत ०.३५! बोल्टच्या आट्यांत कंपनीचा रंग आणि थ्रेड लॉक (बोल्ट सैल होऊ नये म्हणून लावतात तो गोंद), करंट जाणार कुठनं. तिथून काढून जाड पत्र्याच्या जागी, खाली पेट्रोलची लाइन वगैरे नाही हे बघून, पॉलिश पेपरनं पत्रा आरशासारखा केला, नवा एम८ चा बोल्ट, दातेरी वॉशर, वरून ग्रीस. आकडा ०.०३ वर आला. आनंदानं परत टोन लावला तर एकूण मायनस अजून ०.७ च्या वर. इथं बराच वेळ गेला, मागं काहीच सापडेना.

शेवटी प्रोब बॉनेटमध्ये नेला, एक बॉडीवर, एक बॅटरीच्या मायनसवर, आणि तिथं ०.६५ बसलेले. माझ्या गाडीत मायनसची जाड केबल गिअरबॉक्सला जाते कारण स्टार्टरचा करंट तिकडून येतो, बॉडीला दिलेली वायर बोटाच्या निम्म्यानं पण नाही. दिवे-हॉर्नला ती पुरते, १०० अँपिअरला कशी पुरणार. टाकी कितीही मोठी बसवा, नळाची चावी गंजलेली असली तर बादली भरायला वेळ लागणारच. मग बॉडी ते बॅटरी, इंजिन ते बॉडी आणि अल्टरनेटर ते बॅटरी, तिन्ही ५० स्क्वेअरनं केले, अल्टरनेटरच्या वायरीला पण फ्यूज. म्हणजे आपलं बिग थ्री, पण ते का करायचं हे आकड्यात बघितल्यावर पटलं.

आत्ताची स्थिती: प्लस ०.२२, मायनस ०.२५, अँपवर १२.९. नाद खुळा! माझा अँप अनरेग्युलेटेड (व्होल्टेज पडलं की पॉवर पण पडते असा) असल्यानं ११.६ वरून १२.९ म्हणजे पॉवर जवळजवळ २४ टक्के जास्त. मोजून बघितलं तर ते एक डीबी (डेसिबल) पण होत नाही, आवाज मोठा झाला असं मी म्हणणार नाही. पण हलगी-घुमक्याचं रेकॉर्डिंग लावलं तर घुमक्याचा ठोका पडतो आणि तिथंच थांबतो, आधी तो पसरायचा. इथं सगळ्यांना डॉल्बी पाहिजे, मला हे पाहिजे होतं.

आता उरलं आयडलिंग. रेस सोडली की अल्टरनेटरच पुरत नाही, बॅटरीवरच १२.२ येतं. त्यासाठी कॅप बँक (झटक्यात करंट देणाऱ्या कपॅसिटरचा संच) जोडली, २.७ व्होल्ट ५०० फॅरडचे ६ सेल सिरीजमध्ये, म्हणजे ८३ फॅरड, वर बॅलन्सिंग बोर्ड (सगळ्या सेलवर व्होल्टेज सारखं ठेवणारा). जोडताना प्लसमध्ये हेडलाइटचा बल्ब सिरीजला ठेवा, थेट लावली तर ठिणगीनं टर्मिनल खाईल. बल्ब आधी फुल पेटतो, मग हळूहळू तांबडा होत विझतो, विझला की बल्ब काढून पक्की जोडा.

दुकानात डिजिटल मीटरवाला १ फॅरडचा कॅप मिळतो त्याचं गणित सांगतो. १४.४ वरून १२ पर्यंत येताना तो ३२ ज्यूलच्या आसपास देतो, अँप १३०० वॉट ओढत असेल तर २४ मिलिसेकंद. ४० हर्ट्झची एक लाट २५ मिलिसेकंदांची असते, म्हणजे एक लाट पण पुरी नाही. ८३ फॅरड त्याच हिशोबानं २ सेकंद काढतात, ठोक्याला भरपूर, लांब टोनला नाही. आणि १० फॅरड लिहिलेला कॅप हातात आला तर ५ अँपिअरच्या बल्बवर १४ वरून १२ पर्यंत उतरवून बघा, ४ सेकंद लागले पाहिजेत, अर्ध्या सेकंदात उतरला तर तो १ फॅरडचाच आहे.

पुढं डिकीत लिथिअम आयर्न फॉस्फेट बॅटरी टाकायचा विचार होता, पण एलटीओचे (लिथिअम टायटनेट) ६ सेल जास्त बरे वाटतायत, १४.४ ला सेलमागं २.४ व्होल्टच पडतात, उन्हात तापलेल्या डिकीत मला त्यांच्यावर जास्त भरवसा आहे. फक्त इंजिन बंद असताना ते पुढच्या लेड ॲसिडमध्ये रिकामे होत राहतील, त्यामुळं मध्ये आयसोलेटर (इंजिन बंद झालं की दोन्ही बॅटऱ्या वेगळ्या करणारा स्विच) लागेल.

थांबा, हे लिहिता लिहिताच सुचलं. टोनला १०० अँपिअर जातात, पण गाण्याचा सरासरी करंट बराच कमी असणार, ठोक्यांच्या मध्ये अँप जवळपास रिकामाच असतो. सरासरी ३० च्या आसपास निघाली तर आयडलिंगला पण माझा अल्टरनेटर ती पुरवेल आणि वरचे ठोके कॅप सांभाळतील, मग एलटीओचा खर्चच नको. तेव्हा आधी डीसी क्लॅम्पवर (स्वस्तातले नुसते एसी मोजतात, बघून घ्या) गाणी लावून आकडे घेतो, मगच सेल. तोवर एलटीओचे सेल कुणी स्वतः कपॅसिटी मोजून घेतले असतील तर कुठून आणि किती निघाली ते सांगा.