गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात होमस्टेची नोंदणी : आधी टाकी मोजा, मग खोल्या

गावातल्या घराच्या दोन-तीन खोल्या पर्यटकांना द्यायच्या तर १९८२ च्या गोवा पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली नोंदणी लागते. घरपट्टीची पावती, जमिनीचा एक-चौदाचा उतारा, पंचायतीचा ना हरकत दाखला ही कागदपत्रं जमतात. उताऱ्यावर अजून आजोबांचंच नाव असेल तर सहहिस्सेदारांच्या सह्या आधी घेऊन ठेवा.

माझी फाईल अडली सांडपाण्यावर. शेरा एका ओळीचा, ‘सांडपाण्याचा तपशील अपुरा’. कसला तपशील, ते नोंदणीच्या कार्यालयात कोणी सांगेना. एका टेबलावर आराखडा मागायचे, दुसऱ्यावर ‘जागा बघावी लागेल’ म्हणायचे. याचा राग अजून आहे, कारण विचारायला हवा तो हाच प्रश्न, पण तो धडपणे विचारत नाहीत.

आराखड्यावर सेप्टिक टाकीची, म्हणजे संडासाच्या टाकीची, आतली मापं लिहा. भारतीय मानक २४७० प्रमाणे वर्षाला उपसायची टाकी पाच माणसांना १.५ मीटर लांब, ०.७५ रुंद आणि पाण्याची खोली १ मीटर. दहा माणसांना २ मीटर लांब, ०.९ रुंद, खोली तीच. ही दहा जणांची टाकी दोन वर्षांनी उपसणार असाल तर खोली १.४. वर ३० सेंटिमीटर मोकळी जागा सोडायची. घरच्यांपुरत्या टाकीवर पाहुण्यांचा भार पडला की मैला तळाशी बसायच्या आत शोषखड्ड्यात जातो, खड्डा तुंबतो आणि घाण पाणी अंगणात येतं.

खड्ड्यापासून विहिरीचं अंतर टेपने मोजून आराखड्यावर दाखवा, १८ मीटर तरी हवं. आपला चिरा, म्हणजे जांभा दगड, नुसती चाळण, पाणी गाळून न निघता सरळ खाली उतरतं. विहिरीची पातळी ऑगस्टात बघा. मे महिन्यात कोरडा दिसणारा खड्डा पावसात भूजलातच बुडालेला असतो. न्हाणीचं पाणी टाकीत सोडू नका, वेगळं काढून माडा-केळींना द्या. आणि संडासात ॲसिड ओतू नका, टाकीत मैला कुजवणारे जंतू मरतात.

टाकी दहा माणसांची आणि घरात पाच असतील, तर पाहुणे पाचच. खोली रिकामी राहिली तरी चालेल, विहीर नासली तर शेजाऱ्यांचंही पाणी जातं.

राहून गेलं : परदेशी पाहुणा आला की २४ तासांत त्याची माहिती सरकारला ऑनलाईन कळवायची असते. आणि डिसेंबरच्या गर्दीआधी विहिरीचं पाणी कॉलिफॉर्मसाठी, म्हणजे मैला मिसळल्याची खूण देणाऱ्या जंतूंसाठी, तपासून घ्या.