पेरूच्या वाळवंटी किनाऱ्यानं लिमा ते चिक्लायो: माझा अनुभव

या प्रवासाचं वेळापत्रक मी सोमवारपासून उलटं आखलं. चिक्लायोजवळच्या लांबायेकेमधलं सिपानच्या राजथडग्यांचं संग्रहालय सोमवारी बंद असतं आणि ते मार्गाच्या शेवटच्या टोकाला आहे. तिथला दिवस आधी ठरवला, मग मागे येत त्रुहियो शहर आणि कराल या प्राचीन नगराचे अवशेष बसवले. लिमा ते चिक्लायो अंतर सुमारे ७७० किलोमीटर. सहा दिवस पुरतात, चारात नुसती धावपळ होते.

लिमात अनेक बस कंपन्यांचे थांबे वेगवेगळे आहेत, म्हणून तिकिटावर कुठून चढायचं ते आधी वाचा. तिकिटाला पासपोर्ट लागतो. उत्तरेला जाताना समुद्र डावीकडे. त्रुहियोला आठ-नऊ तास लागतात, तेव्हा बहुतेक जण रात्रीची बस धरतात आणि वाळवंट झोपेत जातं. मी दिवसाची घेतली. समुद्र हाताशी असूनही इथे पाऊस जवळजवळ पडत नाही, कारण हम्बोल्टच्या थंड प्रवाहामुळे किनाऱ्यावरची हवा गार राहते, वर चढत नाही, नुसतं धुकं धरतं. या किनाऱ्यावरची जुनी मातीची शहरं टिकली ती या कोरडेपणामुळेच.

कराल त्रुहियोच्या आधी, सुपे खोऱ्यात आहे. सुपे किंवा बारांकाला उतरायचं आणि तिथून शेअर टॅक्सी करायची. ती भरल्याशिवाय निघत नाही, त्यामुळे परतीची गाडी कधी मिळेल हे पोचल्या पोचल्या विचारून ठेवा. वाटाड्या घ्यावाच लागतो. सावली नाही, माणशी दोन लिटर पाणी घ्या. पाच हजार वर्षांपूर्वीच्या या शहरात मातीची भांडी सापडलेली नाहीत. पिरॅमिडच्या पोटात मात्र लव्हाळ्याच्या जाळीदार पिशव्यांत भरलेले दगड आहेत, त्यांना शिक्रा म्हणतात. भूकंपात हा भराव थोडा सरकतो, पण ढासळत नाही. याच पिशव्यांच्या तंतूंवरून काळ ठरवता आला.

त्रुहियोत सकाळ वाका दे ला लूना या मातीच्या विटांच्या प्राचीन देवळासाठीच ठेवा, दुपारी वारा वाळू उडवतो. आधी पायथ्याचं संग्रहालय पाहा, मग वाटाड्याबरोबर गटानं वर जा. इथल्या प्राचीन मोचे लोकांनी जुनं देऊळ विटांनी बुजवून त्यावर नवं बांधलं, असं अनेकदा. त्यामुळे आतल्या भिंती हवेपासून वाचल्या आणि त्यांच्या आय अपाएक देवाचा दात विचकलेला चेहरा आजही लाल, पिवळा, काळा, पांढरा दिसतो. विटांवरच्या खुणा जवळून बघा: टिंब, रेघ, पाऊल. प्रत्येक गटानं किती विटा दिल्या याचा हिशेब त्या खुणांवरून ठेवला जात असावा, असं मानतात. समोरच्या वाका देल सोलवर चढू देत नाहीत.

चान चान हे मोचेंनंतरच्या चिमू लोकांचं मातीचं शहर सुमारे वीस चौरस किलोमीटरवर पसरलंय. पाहायला मिळतो तो मुख्यतः निक-आन हा एकच वाडा. वांचाको गावाकडे जाणारी गाडी महामार्गावरच्या फाट्यावर सोडते, पुढे दीडेक किलोमीटर उघड्या मैदानातून जावं लागतं. इथे चालत जाऊ नका. निर्जन आहे, टॅक्सीचे पैसे वाचवण्यात अर्थ नाही. भिंतींवरचे मासे, पेलिकन, जाळीची नक्षी यांतलं बरंच काम दुरुस्त केलेलं आहे, हे आधी माहीत असलं म्हणजे निराशा होत नाही. १९८६ साली हे शहर जागतिक वारसा झालं आणि त्याच वर्षी धोक्यातल्या वारसास्थळांच्या यादीतही गेलं. मातीचा शत्रू एल निन्यो, कारण इथे तो मुसळधार पाऊस आणतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये तो आला तर रस्तेही तुटतात. २०१७च्या मार्चमध्ये त्रुहियोच्या रस्त्यांवरून चिखलाचे लोंढे वाहत होते.

सोलच्या, म्हणजे पेरूच्या चलनाच्या, सुट्ट्या नोटा जवळ ठेवा. शंभराची नोट पाहिली की टॅक्सीवाला नकारार्थी मान हलवतो.

चिक्लायोहून लांबायेके जवळच आहे. पुरातत्त्वज्ञ वॉल्तेर आल्व्हा यांनी १९८७ मध्ये उजेडात आणलेल्या सिपानच्या राजाच्या थडग्यातला ऐवज तिथल्या संग्रहालयात आहे. फोन आणि पिशवी दाराशीच जमा करावी लागते. सुरुवात वरच्या मजल्यावरून होते आणि उतरत जावं लागतं, उत्खननात थर उलगडत गेले तसंच. राजा सगळ्यात खाली भेटतो.